अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात तेव्हा: घरी काय पाहावं आणि डॉक्टर काय तपासतात

मांडीवर किंवा दंडावर निळा डाग दिसतो आणि कुठे आपटलं ते काही केल्या आठवत नाही. बहुतेकांच्या बाबतीत धक्का किरकोळ असतो आणि लक्ष दुसरीकडे असतं: पलंगाची कड, एसटीतल्या सीटचा दांडा, कडेवरच्या मुलाची लाथ. पण थोड्या लोकांत हाच डाग प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या बारीक रक्तपेशी) कमी झाल्याची, रक्त गोठवणारा एखादा घटक जन्मतः कमी असल्याची, यकृत बिघडल्याची किंवा चालू औषधाच्या परिणामाची पहिली खूण असतो. नुसत्या डागाकडे बघून हा फरक सांगता येत नाही. आजवर तुम्हाला कुठून, कधी आणि किती रक्त गेलं, घरात आणखी कोणाला असं होतं आणि सध्या पोटात कोणती औषधं जातात, यावरून तो कळतो. रक्ताच्या तपासण्या त्यानंतर येतात. ही माहिती हाती नसताना केलेल्या तपासण्या खोटा दिलासा देतात किंवा उगाच घाबरवतात.

कातडीखाली काय होतं

मुका मार लागला की कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात, रक्त आजूबाजूला झिरपतं आणि तिथेच साकळतं. ही गळती थांबायला तीन गोष्टी धड असाव्या लागतात. पहिली, वाहिनीची भिंत आणि तिला आधार देणारं कोलॅजन हे प्रथिन. दुसरी, प्लेटलेट, त्या भोकावर चिकटून पहिला बोळा बसवतात आणि त्यांना चिकटवण्याचं काम व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन करतं. तिसरी, गोठण घटक. फॅक्टर ८, फॅक्टर ९ अशा आकड्यांनी ओळखले जाणारे हे घटक फायब्रिनची जाळी तयार करून तो बोळा पक्का करतात.

यातलं काय बिघडलं आहे याचा अंदाज रक्त कुठून येतं त्यावरून बांधता येतो, आणि डॉक्टरांचे बरेचसे प्रश्न त्याच हिशेबाने येतात. प्लेटलेट किंवा व्हॉन विलेब्रँड फॅक्टर कमी असेल तर रक्त वरवरच्या जागांतून जातं: कातडी, हिरड्या, नाक, पाळी. कापल्याबरोबर वाहू लागतं आणि लवकर थांबत नाही. गोठण घटक कमी असतील तर रक्तस्राव खोलवर होतो. गुडघा, घोटा किंवा कोपर सुजतं, मांडीच्या स्नायूत गाठ धरते, दात काढल्यावर थांबलेलं रक्त काही तासांनी पुन्हा सुरू होतं. नुसती वाहिन्यांची भिंत कमजोर असेल तर डाग पडत राहतात, पण नाक, हिरड्या, पाळी यांची तक्रार सहसा नसते.

घरी डाग कसा पाहायचा

भरपूर उजेडात, शक्यतो दिवसा, कपडे काढून सगळं अंग पाहा. पाठ आणि मांड्यांची मागची बाजू दुसऱ्याला पाहायला सांगा. सावळ्या कातडीवर डाग जांभळ्याऐवजी नुसता काळपट दिसतो आणि बारीक ठिपके तर सहज निसटतात. म्हणून तळहात, तळपाय, ओठांची आतली बाजू, टाळू आणि डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजूही पाहा.

लालसर ठिपके दिसले तर काचेचा पारदर्शक पेला त्यावर घट्ट दाबा आणि काचेतून बघा. दाबाखाली लाली नाहीशी झाली तर रक्त अजून वाहिन्यांतच आहे, म्हणजे ते साधं पुरळ, ॲलर्जी किंवा घामोळं असण्याची शक्यता जास्त. दाबूनही रंग तसाच राहिला तर रक्त वाहिनीबाहेर आलेलं आहे. असे टाचणीच्या टोकाएवढे, साधारण २-३ मिलिमीटरपर्यंतचे न पुसणारे ठिपके प्लेटलेटकडे बोट दाखवतात. पाऊलभर, घोट्याभोवती किंवा मोज्याच्या रबराच्या रेषेत ते आधी उमटतात, कारण तिथे दाब जास्त असतो. जोरात खोकल्यावर किंवा उलट्या झाल्यावर फक्त चेहऱ्यावर आणि मानेवर आलेले मोजके ठिपके मात्र ताणामुळे येतात आणि काही दिवसांत जातात. बोट फिरवल्यावर ठिपके उंचवट्यासारखे हाताला लागत असतील तर ते जरूर सांगा. रक्तवाहिन्यांना सूज आली की असे उंच ठिपके येतात. मुलांत ते पाय आणि कुल्ल्यांवर येतात, सोबत पोटात कळ आणि सांधेदुखी असते, आणि मग लघवीची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण त्या आजारात मूत्रपिंडालाही झळ बसते.

मोठ्या डागाशेजारी रुपयाचं नाणं किंवा मोजपट्टी ठेवून फोटो काढा, तारीख लिहा आणि दर दोन दिवसांनी पुन्हा काढा. साधा डाग आधी लाल-जांभळा, मग हिरवट, पिवळा, तपकिरी होत दोन आठवड्यांच्या आसपास जातो. पायावरचा आणखी रेंगाळतो. हिमोग्लोबिनचं विघटन होत जातं तसे हे रंग बदलतात. मात्र रंगावरून डाग नेमका किती दिवसांचा आहे ते सांगता येत नाही. एकाच वेळी लागलेले दोन डाग वेगवेगळ्या रंगांचे असू शकतात.

मोजताना १ सेंटिमीटर ही खूणगाठ ठेवा. हात-पायांसारख्या उघड्या भागांवर १ सेंटिमीटरपेक्षा मोठे डाग एका वेळी पाचाहून जास्त असणं, हे रक्तस्रावाच्या प्रमाणित प्रश्नावलीत नोंदवण्याजोगं मानलं जातं. जागाही तितकीच महत्त्वाची. नडगी, गुडघा, कोपर यांवर सगळ्यांनाच लागतं. पाठ, पोट, छाती, कान, मान इथे कारणाशिवाय डाग पडत नाहीत.

वाट पाहू नये असे प्रसंग

पुढच्यापैकी काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा:

- ताप आणि सोबत काचेखाली न जाणारे ठिपके, विशेषतः ते तासातासाला वाढत असतील तर.
- तोंडात, गालाच्या आत किंवा जिभेवर रक्ताचे फोड.
- नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून, पुढे वाकून, सलग १० मिनिटं न सोडता दाबल्यावरही न थांबणारा घोळणा.
- डांबरासारखी काळी शी, लाल लघवी, रक्ताची उलटी.
- रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोक्याला मार. त्या वेळी बरं वाटत असलं तरी.
- अजून पालथंही न पडणाऱ्या बाळाच्या अंगावर कुठलाही डाग.
- साप चावल्यावर चावल्याजागी काळंनिळं पडणं किंवा हिरड्यांतून रक्त.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. कोकणातलं फुरसं आणि राज्यभर आढळणारी घोणस यांच्या विषाने रक्तातले गोठण घटक संपून जातात. रुग्णालयात २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलं आहे आणि प्रतिविष द्यायला हवं. नळी काचेचीच लागते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

डागांसोबत फिकेपणा, सतत बारीक ताप, हाडं दुखणं, वजन उतरणं, मानेत किंवा काखेत गाठी असं काही असेल तर एक-दोन दिवसांत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या. यात रक्ताचा कर्करोग वगळायचा असतो. त्याच्या एका प्रकारात, ज्याला एपीएमएल म्हणतात, रक्तस्राव पहिल्या काही दिवसांतच जीवघेणा ठरू शकतो, पण वेळेत उपचार मिळाले तर तो बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी आहे.

औषधांची पिशवी सोबत न्या

मोठ्या माणसांत सहज डाग पडण्यामागे औषध हे सर्वांत नेहमीचं कारण. म्हणून यादी तोंडी सांगू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, पुड्या आणि बाटल्या एका पिशवीत घालून न्या.

अॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळीही प्लेटलेटला कायमची निकामी करते. नव्या प्लेटलेट तयार होईपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, परिणाम राहतो. क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही जवळपास तसंच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांचा परिणाम मात्र औषध शरीरातून गेलं की ओसरतो. पाठदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली गोळी लोक औषधात धरतच नाहीत, आणि नेमकी तीच कारण ठरते. नैराश्यावरची एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधं प्लेटलेटमधला सेरोटोनिनचा साठा घटवतात. एकटी असताना सहसा फार त्रास देत नाहीत, पण अॅस्पिरिनच्या जोडीला आली की डाग वाढतात. फिटसाठी दिलेलं व्हॅल्प्रोएट प्लेटलेटची संख्याही कमी करू शकतं. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, गिंकोच्या कॅप्सूलही पिशवीत टाका.

हृदयाची झडप बदललेले किंवा अनियमित ठोक्यांचे अनेक रुग्ण वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधं घेतात. त्यांचा डोस आयएनआर या रक्त गोठण्याचा वेग पाहणाऱ्या तपासणीवर ठरतो; बहुतेकांसाठी आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवतात, कृत्रिम झडपेच्या काही प्रकारांत थोडा वर. आधी ठीक असलेल्या माणसाला अचानक डाग पडू लागले तर गेल्या दोन आठवड्यांत काय बदललं ते आठवा. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्सॅझोल, फ्लुकोनॅझोल यांनी आयएनआर झपाट्याने चढतो. मुरगळल्यावर चोळायच्या बऱ्याच बामांत मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते मोठ्या भागावर रोज चोळल्यानेही तो वाढल्याच्या नोंदी आहेत. मेथी, पालक यांतल्या व्हिटॅमिन के चा या औषधांवर परिणाम होतो, पण त्या बंद करायची गरज नाही. आठवड्याला जेवढ्या खाता तेवढ्याच खात राहा, म्हणजे डोस स्थिर राहतो.

स्टेंट बसवल्यानंतरची किंवा झडपेसाठीची औषधं डाग दिसले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट गोठून बसला तर हृदयविकाराचा झटका येतो. चार निळे डाग त्यापुढे काहीच नाहीत. डॉक्टरांना फोन करा, आयएनआर किंवा सीबीसी करा आणि मग ठरवू द्या.

स्टेरॉइड ही वेगळी अडचण आहे, कारण ती बऱ्याचदा ठाऊकच नसते. सांधेदुखी किंवा दम्यासाठी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. चेहरा उजळावा म्हणून किंवा गजकर्णासाठी दुकानदाराने दिलेल्या ट्यूबमध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं. महिनोन् महिने वापरल्यावर कातडी कागदासारखी पातळ होते आणि कपड्याच्या घासणीनेही डाग पडतात. पुडी खाल्ल्यावर आराम विलक्षण झटपट पडत असेल, चेहरा गोल झाला असेल, पोटावर रुंद जांभळ्या रेघा उमटल्या असतील तर संशय घ्या. अशी पुडीही एका झटक्यात बंद करू नये. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं थांबलेलं असतं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

वय आणि लिंगानुसार काय वेगळं

साठीनंतर हाताच्या पाठीमागे आणि कोपराखाली गडद जांभळे, स्पष्ट कडांचे डाग येतात, दुखत नाहीत आणि जाताना तपकिरी खूण ठेवून जातात. आयुष्यभराच्या उन्हाने कोलॅजन झिजलेलं असतं. शेतात काम केलेल्यांत हे जास्त दिसतं. रक्ताचा दोष नसतो. लांब बाह्या, कातडीला रोज खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर, आणि उठवताना दंडाला घट्ट न धरता खांद्यामागून आधार देणं एवढ्याने फरक पडतो.

तरुण बायकांत मांडी-दंडांवर नाण्याएवढे डाग येणं फार सामान्य आहे आणि बहुतेकींच्या तपासण्या ठीक येतात. पण इथेच एक मोठी चूक होते. पाळीचा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि घरातल्या सगळ्याच बायकांना जास्त जात असेल तर बाईलाही ते नेहमीचंच वाटतं. दर तास-दोन तासांनी पॅड बदलावा लागणं, रात्री त्यासाठी उठावं लागणं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी, सात दिवसांहून जास्त दिवस चालणारी पाळी, वारंवार लोहाच्या गोळ्या: यांतलं काही पहिल्या पाळीपासूनच असेल तर व्हॉन विलेब्रँड आजाराची तपासणी झालीच पाहिजे. हा सर्वांत जास्त आढळणारा जन्मजात रक्तस्रावाचा दोष आहे. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली आलांड बेटांवरच्या एका कुटुंबात तो वर्णन केला. त्या कुटुंबातल्या एका मुलीचा मृत्यू पाळीच्या रक्तस्रावाने झाला होता. आजही पाळीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कित्येकींचं निदान वर्षानुवर्षं लांबतं.

रांगू-चालू लागलेल्या मुलांच्या नडग्या कायम रंगीतच असतात. बाळाच्या कमरेवर आणि कुल्ल्यांवर जन्मापासून असलेले निळसर-राखाडी पट्टे भारतीय बाळांत नेहमी दिसतात. ते आठवड्याभरात रंग बदलत नाहीत, डाग बदलतो. म्हणून जन्मानंतरच त्यांचा फोटो आणि फाइलमध्ये नोंद असावी. नवजात बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं का, हेही कार्डावर पाहा. ते चुकलेल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना २ ते १२ आठवड्यांच्या वयात मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि आधीची सूचना कधी कधी एका छोट्या डागाचीच असते.

मोठ्या मुलाला सर्दी-तापानंतर एक-दोन आठवड्यांनी अचानक अंगभर डाग आणि ठिपके आले, पण मूल एरवी खेळतंय, तर बहुधा आयटीपी: शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते. संख्या २०,००० खाली गेलेली पाहून घरचे हादरतात. बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात.

प्रश्न, ज्यांची उत्तरं लिहून न्यावीत

डाग कधीपासून पडतात? लहानपणापासून असेल तर जन्मजात, महिन्या-दोन महिन्यांपासून असेल तर औषध, प्लेटलेट किंवा यकृत. दात काढणं, टॉन्सिल, सुंता, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांत काय झालं? मोठी शस्त्रक्रिया किंवा अक्कलदाढ निघूनही रक्त वाहिलं नसेल तर गंभीर जन्मजात दोष जवळपास नाहीच. हा सगळ्यांत मोलाचा प्रश्न आहे. उलट, दात काढल्यावर टाके घालावे लागले किंवा रक्त चढवावं लागलं असेल तर वर्षासकट लिहा. वर्षात पाचाहून जास्त वेळा घोळणा फुटणं, जन्मल्यावर नाळेच्या जागेतून रक्त येत राहणं, हेही नोंदवा.

घराण्याची माहिती विचारताना दोन्ही बाजू घ्या. हिमोफिलिया, म्हणजे फॅक्टर ८ किंवा ९ जन्मतः कमी असण्याचा आजार, आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामा, आईचे मामा आणि मावसभाऊ यांच्याविषयी खास विचारा: कोणाचे सांधे सुजायचे, कोणी लहानपणी रक्त जाऊन दगावलं का. तरीही हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच नसतो. व्हॉन विलेब्रँड आजार आई किंवा वडील कोणाकडूनही येतो. आई-वडील आते-मामे भावंडं असतील तर तेही संकोच न करता सांगा. फॅक्टर १३ ची कमतरता किंवा ग्लान्झमन (प्लेटलेटच्या कामातला जन्मजात दोष) यांसारखे दुर्मीळ दोष अशा घरांत अधिक सापडतात.

ही उत्तरं घेऊन डॉक्टर आयएसटीएच-बीएटी ही १४ प्रश्नांची गुणपद्धत वापरू शकतात. पुरुषांत ४, स्त्रियांत ६ आणि मुलांत ३ किंवा जास्त गुण आले तर पुढच्या तपासण्या करायच्या.

दारू किती, काविळ कधी झाली का, आणि जेवणात काय असतं हेही खरंखरं सांगा. एकटे राहणारे वृद्ध चहा-खारीवर दिवस काढतात आणि त्यांना व्हिटॅमिन सी च्या अभावाचा स्कर्व्ही होऊ शकतो: पायांवर केसांच्या मुळाभोवती रक्ताचे ठिपके, केस वळलेले, हिरड्या सुजलेल्या. पेरू, आवळा, लिंबू यांनी तो भरून येतो. व्हिटॅमिन सी पुरेसं असलेल्याने जास्त गोळ्या खाऊन डाग कमी होत नाहीत. निव्वळ शाकाहारींत बी-१२ फारच घटलं तर प्लेटलेटही उतरतात. ‘रक्त कमी आहे म्हणून डाग पडतात’ हा समज मात्र चुकीचा. ॲनिमियाने डाग पडत नाहीत, दोन्हींचं मूळ एक असू शकतं.

तपासताना डॉक्टर काय शोधतात

डागांची जागा आणि आकार, पानथरी आणि यकृत वाढलं आहे का, मानेतल्या-काखेतल्या गाठी, काविळ, सांध्यांची सूज. अंगठा मनगटाला टेकतो का, करंगळी ९० अंशांहून मागे वाकते का, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकतात का, असं करून दाखवायला सांगितलं तर नवल वाटून घेऊ नका. सांधे अतिलवचिक आणि कातडी ताणली जाणारी असेल तर एहलर्स-डॅनलॉस हा कोलॅजनचा दोष असू शकतो. त्यात रक्ताचे सगळे रिपोर्ट ठीक येतात.

डेंगीच्या दिवसांत दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधून वरच्या आणि खालच्या आकड्याच्या मधोमध ५ मिनिटं फुगवून ठेवतात. मग कोपराच्या आतल्या बाजूला एक इंच चौरसात १० किंवा जास्त ठिपके उमटले तर चाचणी होकारार्थी. डेंगीचा संशय असेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटॅमॉल; आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि कुल्ल्यावरची इंजेक्शनं टाळा.

रिपोर्ट कसे वाचायचे

पहिल्या फेरीत सीबीसी, रक्ताची काचपट्टी म्हणजे पेरिफेरल स्मिअर, पीटी-आयएनआर आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन तपासण्या), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. ५०,००० च्या वर शक्यतो आपोआप रक्त जात नाही. २०,००० खाली काळजी, १०,००० खाली धोका मोठा.

आकडा अनपेक्षितपणे कमी आला, पण अंगावर काहीच नाही, तर आधी काचपट्टी पाहायला सांगा. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनाने काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र ते मोजत नाही. निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजून १.१ ने गुणलं की खरा आकडा कळतो. प्लेटलेट आकाराने फार मोठ्या असल्या तरी यंत्र फसतं.

पीटी आणि एपीटीटीची निळ्या टोपणाची नळी रेषेपर्यंत भरलीच पाहिजे: १ भाग सायट्रेट, ९ भाग रक्त. कमी भरली तर रिपोर्ट खोटा लांबतो. नमुना काही तासांतच तपासावा लागतो, म्हणून घरून नमुना नेणाऱ्या सेवेपेक्षा प्रयोगशाळेत जाणं बरं. फक्त पीटी लांबला तर वॉरफरिन, व्हिटॅमिन के किंवा यकृत. फक्त एपीटीटी लांबला तर हिमोफिलिया, किंवा हेपरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन. फॅक्टर १२ कमी असूनही तो लांबतो, पण त्याने रक्त जात नाही. दोन्ही फार लांबले तर यकृताचा मोठा बिघाड, वॉरफरिनचा जादा डोस, सर्पदंश. ब्रोमाडिओलोन असलेल्या उंदराच्या विषाची वडी लहान मुलाने खाल्ली असेल तर डाग दोन-तीन दिवसांनी दिसतात, तेव्हा घरात ती ठेवली असेल तर सांगा.

एपीटीटी लांबलेला असेल तर रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) समसमान मिसळून पुन्हा पाहतात. वेळ सुधारली तर घटक कमी आहे. सुधारली नाही तर घटकाविरुद्ध प्रतिपिंडं आहेत. उतारवयात किंवा बाळंतपणानंतर अचानक मोठमोठे डाग आले तर याच चाचणीने ‘नंतर उद्भवलेला हिमोफिलिया’ सापडतो.

शस्त्रक्रियेआधी अजूनही अनेक ठिकाणी बीटी-सीटी (टोचल्यावर रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ मोजणारी जुनी तपासणी) करतात. ती ठीक आली म्हणून निर्धास्त राहू नका. सौम्य हिमोफिलिया आणि सौम्य व्हॉन विलेब्रँड दोन्ही तिच्या हातून निसटतात. पीटी, एपीटीटी, प्लेटलेट तिन्ही ठीक आले तरीही व्हॉन विलेब्रँड, प्लेटलेटच्या कामातला दोष आणि फॅक्टर १३ ची कमतरता उरतातच. इतिहास ठळक असेल तर तिथे थांबू नये.

व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची पातळी ३० टक्क्यांखाली असेल तर निदान पक्कं. ३० ते ५० मध्ये असेल आणि रक्तस्रावाचा इतिहास असेल तरीही आजार धरतात. ताप, गर्भारपण, ताण यांत ही पातळी तात्पुरती चढते, ओ रक्तगटात मुळातच कमी असते. म्हणून एकदा ठीक आली तरी बरं वाटत असताना पुन्हा करतात. प्लेटलेटच्या कामाची तपासणी, म्हणजे ॲग्रिगोमेट्री, ताज्या रक्तावरच होते. त्याआधी अॅस्पिरिनसारखी औषधं ७ ते १० दिवस बंद लागतात, तीही डॉक्टरांनी परवानगी दिली तरच. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था अशा विशेष तपासण्या करते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून रक्तविकारतज्ज्ञ तिथे पाठवू शकतात.

मारहाणीचा प्रश्न

चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग असतील, बोटांच्या, पट्ट्याच्या किंवा दाताच्या खुणा असतील तर डॉक्टर रक्ताच्या तपासण्यांसोबत मारहाणीचीही शक्यता धरतात. दोन्ही तपासणं त्यांचं काम आहे. त्यात आरोप नसतो. बाईच्या दंडांवर किंवा गळ्यावर खुणा असतील तर चांगले डॉक्टर सोबतच्यांना बाहेर थांबवून एकटीशी बोलतात. घरात हे घडत असेल तर तेव्हाच सांगा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

डागावर काय करायचं

पहिले दोन दिवस बर्फ रुमालात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. तो भाग छातीपेक्षा उंच ठेवा. दोन दिवसांनंतर कोमट शेक. हळदीचा लेप अखंड कातडीवर लावायला हरकत नाही, पण चोळू नका; चोळल्याने फुटक्या वाहिन्यांतून आणखी रक्त झिरपतं. दुखलं तर पॅरासिटॅमॉल. डाग कडक होत फुगत गेला, पाय बधिर झाला किंवा बोटं हलवताना असह्य कळ आली तर आत दाब वाढतो आहे, लगेच जा.

निदान झालं तर आजाराचं नाव, घटकाची पातळी, रक्तगट आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा. दंतवैद्याला खुर्चीत बसण्याआधी सांगा. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध आधी दिलं तर बऱ्याच वेळा दात सुरक्षित काढता येतो. कुल्ल्यावरचं इंजेक्शन नको म्हणून सांगा, लस द्यायचीच असेल तर बारीक सुईने द्यायला आणि नंतर किमान ५ मिनिटं दाबून धरायला सांगा. हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. १९८३ पासून काम करणाऱ्या हिमोफिलिया फेडरेशन इंडियाच्या मुंबई, पुण्यासह अनेक शाखा घटकांची इंजेक्शनं कुठे मिळतात ते सांगतात. सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडलं नाही, पण रक्तस्रावाचे गुण जास्त आहेत, असंही होतं. अशांची नोंद ‘कारण न कळलेला रक्तस्राव-विकार’ अशी करतात, आणि शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणाआधी त्यांचीही तयारी आजार असल्यासारखीच करतात.